नवमीच्या पाटावर काय ठेवायचं

आमच्या स्कीममध्ये, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर सुशील राहतो. पन्नाशीला टेकलेला, केस बरेच मागे सरकलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे पाहण्याची सवय. तो प्रोग्रॅमर आहे. प्रोग्रॅमर म्हटलं की लोकांना मिहानच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि गळ्यातली ओळखपत्रं आठवतात. सुशीलचं तसं काही नाही. तो शहराच्या कडेला असलेल्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा प्रोग्रॅमर आहे. ट्रकमध्ये माल चढला की जी पावती फाडतात तिला बिल्टी म्हणतात. माल कोणाचा, कुठं चालला, भाडं पाठवणारा देणार की घेणारा, एवढं सगळं तिच्यावर असतं. वाडीतल्या एका अख्ख्या गल्लीतल्या गोडाऊनांच्या बिल्ट्या वर्षानुवर्षं सुशीलने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधून निघत आल्या आहेत.

कॉलेजात मी त्याला सांख्यिकी शिकवली, म्हणून तो मला अजून मॅडम म्हणतो. विद्यार्थी म्हणून साधारण होता, पण गणित सुटल्यावरही उत्तर पुन्हा तपासायचा, आणि मग तिसऱ्यांदा. मला तेव्हाही त्याचा कंटाळा यायचा. रामटेकजवळच्या खेड्यातून आलेला, वडिलांची धानाची शेती, घरात शिकलेला हा पहिलाच. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात काही वर्षं कॉम्प्युटर विभागात काढली, मग नोकरी सोडून वाडी धरली. बायको वैभवी घरीच ब्लाऊज शिवते आणि तिच्याकडे बायकांची इतकी गर्दी असते की जिन्यात माझ्या दारासमोर चपलांचा ढीग पडतो.

तर गोष्ट अशी, की सुशीलचं बिल्टीचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेलं होतं. फॉक्सप्रो म्हणजे आमच्या काळातली वस्तू. ती कधीच बंद पडली, नव्या कॉम्प्युटरवर तिला ओढूनताणून चालवावं लागतं. मालकांना आता बिल्टी मोबाईलवरही हवी होती. म्हणजे सगळं नव्यानं लिहिणं आलं. त्यातच बाहेरगावची एक कंपनी वाडीत येऊन गेली. तिच्या माणसानं मालकांच्या डोक्यात एक प्रश्न सोडला, की तुमच्या माणसाला विचारा, नवीन कशात बनवणार? त्या गल्लीचा कारभार पाहणारा मॅनेजर प्रीतम, त्यानं सुशीलला स्वच्छ सांगितलं, की दसऱ्याला मालक लोक विचारतील, एक नाव सांग आणि कामाला लाग. नाहीतर आम्ही कंपनीला बोलावतो.

वाडीची गल्ली गेली तर सुशीलजवळ दुसरं काही नव्हतं. या वयात पोरांच्या रांगेत मुलाखतीला उभं राहायचं, एवढंच. हे त्याला माहीत होतं, वैभवीला माहीत होतं, आणि चार महिने अख्ख्या स्कीमला माहीत होतं.

एक नाव सांगायचं होतं. मला वाटलं, त्यात काय आहे? इतकी वर्षं ज्यानं हेच केलं त्याला आपलं हत्यार निवडता येऊ नये?

नाही येत. उलट नवख्याला येतं, कारण त्याला कोणी तरी सांगतं आणि तो घेतो. प्रोग्रॅम ज्यात बसून लिहितात ती सॉफ्टवेअरं सुशीलनं सगळी वापरून पाहिली आणि प्रत्येकात त्याला काहीतरी आवडलं, हाच घोळ झाला. शेवटी तीन उरली. त्यांची खरी नावं मी देत नाही, दर सहा महिन्यांनी बदलतात म्हणे. आम्ही बोलताना त्यांना जड, हलकं आणि बोलकं म्हणायला लागलो.

जड म्हणजे ज्यात सुशीलनं बुटीबोरीला काम केलं ते. उघडायला इतका वेळ लागतो की तोवर दूध तापतं, पण एकदा उघडलं की त्यात सगळं असतं. चुकीच्या ओळीखाली लाल रेघ येते, आणि प्रोग्रॅम मधेच थांबवून एकेक पायरी पुढं नेत कुठं बिघडलं ते बघता येतं. हलकं म्हणजे फुकट, झटकन उघडणारं, पण आतून रिकामं. लागेल ते आपण जोडायचं. सुशीलनं जोडायला सुरुवात केली आणि मग जोडणं हेच काम होऊन बसलं. एकदा मी वर गेले तर हा माणूस अक्षरांना रंग कोणता द्यावा यावर सकाळपासून बसलेला. आणि तिसरं बोलकं. त्याला साध्या भाषेत सांगायचं की मला बिल्टीचा प्रोग्रॅम पाहिजे, की ते स्वतःच लिहून देतं. सुशीलनं सांगितलं, त्यानं लिहून दिलं, चहा संपायच्या आत. सुशील तो प्रोग्रॅम दोन दिवस नुसता पाहत बसला होता.

मला येऊन म्हणाला, "मॅडम, मले समजूनच नाही राहिलं. चालते तर चांगलं. पण मग मी काय केलं?"

मी म्हटलं, तू सांगितलंस, आणखी काय करायचं? त्यानं मान हलवली, पण पटलेलं नव्हतं.

तो सगळ्यांना विचारत सुटला. बुटीबोरीचा जुना सोबती केयूर आता मिहानमध्ये साहेब झाला आहे. तो म्हणाला, बोलकं वापरत नसशील तर तुझी गिनती म्हाताऱ्यांत. दुसरा कोणी म्हणाला, अनुभवी माणूस जडच वापरतो. इंटरनेटवर तर या विषयावर लोक एकमेकांच्या आयाबहिणी काढतात, हे मी स्वतः वाचलं. प्रत्येकाचं ऐकून सुशील त्याच्या बाजूचा व्हायचा आणि जिना चढेपर्यंत पुन्हा उलटायचा. वैभवीचं डोकं उठलं. माझ्याकडे ब्लाऊजचं माप घ्यायला आली तेव्हा म्हणाली, "काकू, मले पाहाले आले होते तेव्हा अर्ध्या घंट्यात हो म्हटलं यायनं. याच्यासाठी चार महिने?"

मी मग त्याला बसवलं. निर्णय घ्यायचा तर रीत असते, ती मी आयुष्यभर शिकवली. कोणत्या गोष्टीला किती महत्त्व ते आधी ठरव, मग प्रत्येकाला गुण दे, आणि बेरीज कर. त्यानं शहाण्या मुलासारखं केलं. जड पहिलं आलं. तो जरा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला की मॅडम, वेगाला मी महत्त्व कमी दिलं. वाढवलं, तर हलकं पहिलं आलं. मग त्याला वाटलं की पुढचा काळ पाहायला हवा. त्याचं महत्त्व वाढवलं तर बोलकं वर. संध्याकाळपर्यंत तिन्ही बरोबरीत आली होती. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू निकालावरून आकडे काढून राहिला, आकड्यांवरून निकाल नाही. तो म्हणाला, हो ना मॅडम, माझं तेच होऊन राहिलं. आणि कागद घडी घालून घेऊन गेला. मी हात टेकले.

असं करत करत नवरात्र आलं.

सुशीलच्या घरी खांडेनवमी जोरात असते. घरातल्या प्रत्येकानं ज्याच्यावर पोट चालतं ती वस्तू पाटावर ठेवायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. हत्याराला त्या दिवशी आराम. सुशीलचे वडील, त्यांना सगळे बापूजी म्हणतात, शेती धाकट्याकडे सोपवून मोकळे झालेत, तरी नवमीला गावाहून पिशवीत विळा घेऊन येतात. वैभवीची मोठी कात्री असते. सुशील दरवर्षी लॅपटॉप ठेवतो.

पुढचं मला वैभवीनं सांगितलं आणि थोडं बापूजींनी. पाट मांडला, विळा ठेवला, कात्री ठेवली. सुशील लॅपटॉप घेऊन आला. तिन्ही प्रकार त्या एकाच डब्यात आहेत, हे बापूजींनी चार महिने फोनवर ऐकलं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "यातलं तुह्यं हत्यार कोन्तं हाय गा? पूजा कोनाची करून राहिला?"

म्हाताऱ्यानं सहज विचारलं होतं. मुलाचा धंदा त्यांना कळत नाही, तर कळून घ्यावा, एवढंच. पण सुशील पाटापाशी उभाच राहिला. मग म्हणाला, पाच मिनिटं थांबा, आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला.

आत जाऊन त्यानं काय केलं, तर तीनमधली दोन काढून टाकायला बसला. पाटावर एकच ठेवायचं. देवासमोर ठेवलं की ठरलं. हे त्याला तिथं उभ्या उभ्या सुचलं. प्रोग्रॅमर माणूस, उत्तर तीनदा तपासणारा, आणि करतो काय तर हे. आधी बोलकं काढलं. मग हलकं काढायला घेतलं, मग वाटलं की नाही, जडच काढावं, मग काढलेलं पुन्हा घातलं. बाहेर पूजेची वेळ टळून चाललेली. वैभवीनं दोन हाका मारल्या, तिसरी जरा मोठ्यानं मारली. त्यानं झाकण मिटलं, आणून पाटावर ठेवलं. वैभवीनं झाकणावर कुंकवाची पाच बोटं ओढली आणि वर झेंडूची माळ ठेवली. नारळ फुटला.

दुपारी मला तिथं पुरणपोळीचं जेवण होतं. मी वर गेले. सुशील पाटाकडे तोंड करून खुर्चीवर बसलेला, फोन हातात. बापूजी खिडकीशी सुपारी कातरत होते. वैभवी पोळी लाटत होती, जरा जास्तच जोरात.

प्रीतमचा फोन येऊन गेला होता. उद्या दसऱ्याला मालक लोक आपापल्या घरी राहणार. आज सगळे वाडीत ट्रकपूजेला जमलेत, तर आजच ये, नाव सांग, थोडं दाखव. उशीर झाला तर ते पांगतील आणि मग दिवाळीनंतर कंपनीवालाच येईल.

"मग जा ना," मी म्हटलं.

सुशीलनं पाटाकडे बोट केलं. वैभवी आतूनच म्हणाली की उद्या सकाळपर्यंत हात लागणार नाही, आणि ठेवलं कोणी, तुम्हीच ठेवलं ना? तिचं चूक नव्हतं. बापूजींना विचारलं तर ते म्हणाले, उचलाचं असन तर उचल, तुह्यं तू पाहा, मी काई म्हनत नाही. आणि सुपारीकडे पाहू लागले. म्हणजे उचलायचं नाही.

मी म्हटलं, लॅपटॉपशिवाय जा. नावच सांगायचं आहे ना? जे पाटावर ठेवलं आहेस ते सांग.

सुशीलनं हातातला फोन पालथा ठेवला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, कोणचं ठेवलं ते मले आठवून नाही राहिलं."

वैभवीचं लाटणं थांबलं.

त्यानं सगळं सांगितलं. बोलकं गेलं हे नक्की. हलकं आणि जड यांतलं एक काढलं, पुन्हा घातलं, दुसरं काढलं की काढता काढता रद्द केलं, त्यावर हाक आली. झाकण मिटलं तेव्हा आत कोण होतं, त्याला सांगता येईना. बापूजी एकदम हसायला लागले. विळ्याचं असं कधी होत नाही म्हणाले. मग सुनेकडे पाहून पुन्हा सुपारी कातरायला लागले.

मी जेवले आणि गाडी काढली. त्याच्या भरवशावर तो निघालाच नसता. मी सत्तरी ओलांडली तरी गाडी चालवते आणि ब्रेक नीट दाबते, ज्यांना भीती वाटते त्यांनी बसू नये. दीक्षाभूमीच्या बाजूला दसऱ्यासाठी आलेल्यांची गर्दी असणार म्हणून अंबाझरी तलावाकडून अमरावती रोडला लागलो. सुशील बाजूला रिकामे हात मांडीवर ठेवून बसला होता. तलावापाशी म्हणाला, जडच सांगतो. विद्यापीठाच्या फाटकाशी त्याला हलकं बरं वाटायला लागलं, कारण मोबाईलचं त्यात सोपं जातं. मग म्हणाला की कंपनीवाला बोलकंच सांगणार, तर आपणही तेच सांगितलं तर? मी म्हटलं, गाडी थांबवू का? 

वाडीची गल्ली त्या दिवशी ओळखू येत नव्हती. एरवी तिथं धूळ, डिझेलचा वास आणि हमालांच्या हाका. आज ट्रक धुऊन रांगेत उभे, बोनेटवर स्वस्तिकं, आरशांना झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. एका गोडाऊनच्या तोंडाशी गाद्या टाकून मालक बसले होते. प्रीतम पुढं आला, मला नमस्कार केला, सुशीलच्या खांद्याला काहीच लटकलेलं नाही हे पाहून थबकला. लॅपटॉप कुठं आहे? सुशीलनं सांगितलं, पूजेत आहे. मला वाटलं आता हसतील. कोणी हसलं नाही. त्यांचे ट्रकही त्या दिवशी हलणार नव्हते.

सगळ्यांत वयस्क मालक पुढं सरकून बसले. "बोलो सुशीलभाऊ, किसमें बना रहे हो?"

सुशीलनं सुरुवात केली ती तिन्हीपासून. जडाचे फायदे, हलक्याचे फायदे, पुढं जग कुठं चाललं आहे. हिंदी, मराठी, इंग्रजी, जे येईल त्यात. मालक एकमेकांकडे पाहू लागले. एकानं फोन काढला. मला ओठ दाबून धरावे लागले. प्रीतमनं मधेच हात वर केला आणि विचारलं, भाऊ, तो कंपनीवाला म्हणतो की त्याचं मशीन आठ दिवसांत सगळं लिहून देतं. तुझ्याकडे ते नाही काय?

"है," सुशील म्हणाला. "मैंने बनवाके देखा. चला भी."

"फिर?" वयस्क मालकांनी विचारलं.

आता तो नेहमीसारखा खांद्याकडे पाहत नव्हता. जमिनीकडे पाहत होता. म्हणाला की त्यात एक दिवस भाडं घेणाऱ्याऐवजी पाठवणाऱ्याच्या नावावर चढलं. सगळीकडे नाही, कधी कधी. त्यानं मशीनला सांगितलं, मशीननं माफी मागितली आणि दुरुस्त केलं. मग दुसरीकडे चढलं.

"कहाँ से हो रहा है, मुझे नहीं मिला," तो म्हणाला. "उसका लिखा हुआ मैंने पूरा पढ़ा नहीं है. पढ़ा नहीं तो मैं कैसे बोलूँ कि मेरा है?"

हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. धंद्याच्या जागी बसून धंदेवाल्यांना आपलं न जमलेलं सांगतो कोणी? मला वाटलं, गेलं. कंपनीवाला आला म्हणून समजा.

वयस्क मालक थोडा वेळ दाढी खाजवत राहिले. मग म्हणाले, ते राहू दे बाजूला. बाकी जे काय दोन आहेत त्यातलं एक बोल, आम्हाला आरती करायची आहे.

"जड," सुशील म्हणाला. मग लाजून खरं नाव सांगितलं.

मालकांनी माना हलवल्या. जणू त्यांच्याही मनात तेच होतं. त्यांपैकी एकालाही दोन्हींतला फरक माहीत नव्हता, हे मी शपथेवर सांगते. प्रीतम म्हणाला, दिवाळीपर्यंत एका काउंटरवर लावून दाखव, चाललं तर बाकीचे घेतील, कंपनीवाल्याला मी तोवर थांबवतो. आरती झाली, हातावर पेढा आला.

परत येताना मी विचारलं की जडच का म्हणालास? त्यानं बराच विचार केला. त्यात चूक एकेक पायरीनं शोधता येते म्हणून असेल, असं म्हणाला. मग म्हणाला, किंवा ते नाव छोटं आहे, तोंडात आधी आलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी खोदून पाहिलं. कारण नव्हतं, किंवा होतं तर त्याच्या हाती लागत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी माळ काढली, झाकण उघडलं. आत हलकं होतं. जड त्यानं काढून टाकलं होतं.

वैभवीनं कपाळाला हात लावला. बापूजी म्हणाले, देवानं दुसरं म्हनलं गा, आता? सुशीलनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. जड पुन्हा घालायला लावलं. ते इतकं मोठं, की उतरायला दुपार झाली. दिवसभर लोक सोनं द्यायला येत होते, आपट्याची पानं लॅपटॉपशेजारी पडत होती, आणि हा दर थोड्या वेळानं जाऊन पाहत होता, किती झालं.

आता दिवाळी तोंडावर आहे. प्रीतमच्या काउंटरवर नवीन बिल्टी निघते आहे, बाकीच्या गोडाऊनांचं अजून ठरायचं आहे. परवा मी वर गेले तर पडद्यावर तिन्ही उघडी. जडमध्ये तो लिहीत होता. लिहिलेलं वाचायला हलकं, कारण त्यात अक्षरं डोळ्यांना बरी वाटतात. आणि कोपऱ्यात बोलकं, त्याला तो विचारत होता की ही माझी ओळ बरोबर आहे का. आणि त्यानं दिलेलं उत्तर एकेक शब्द बोट ठेवून वाचत होता.

मी म्हटलं, "सुशील, तू निवडलंस काय शेवटी?"

"जड, मॅडम. वाडीत सांगितलं ना."

"मग ही दोन?"

त्यानं दोन्हींकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"असू द्या," म्हणाला. "बरोबर केलं ना, मॅडम?"

 वैभवीनं चहा आणला, तो घेतला आणि खाली आले.